चॉकलेट आणि आबांची जीभ

लग्न होऊन मी धुळ्याला आले तेव्हा मला खव्यातलं काही कळत नव्हतं. माझं माहेर मुक्ताईनगरकडचं, केळीच्या बागांचं. इथे सासरी सकाळपासून भट्ट्या पेटलेल्या आणि कढईत दूध आटत असलेलं. सगळ्या कारभाराचा शेवटचा शब्द सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा. कढईतून चिमूटभर खवा घ्यायचा, तळहातावर निववायचा, अंगठ्याने चोळून दाणा किती रवाळ आणि तूप किती सुटतं ते बघायचं आणि मग टाळूला लावून डोळे मिटायचे. त्यांनी मान हलवल्याशिवाय आमचा माल हलवायाच्या दारात जात नसे. साक्रीकडच्या गावांतून दुधाचे कॅन येईपर्यंत ऊन चढलेलं असतं. जरासं उतरायला, म्हणजे आंबायला लागलेलं दूध कढईत सहज खपून जातं, पण दोन दिवसांनी पेढा बोलायला लागतो. आबा ते दोन दिवस आधी ओळखत. मी त्यांच्याकडूनच शिकले, सात-आठ वर्षं ओरडा खाऊन.

गेल्या पावसाळ्यात आबांना टायफॉइड झाला. उठले, पण तोंडाची चव गेली. माझ्याकडून चुकून दोनदा मीठ पडून खारट झालेली शेवभाजी त्यांनी अळणी म्हणून परत केली. माझा स्वभाव असा, की मनात आलं ते ओठावर येतं. दुसऱ्या दिवशी भट्टीवर, सगळ्या कामगारांसमोर मी म्हणून टाकलं, की आबा, आजपासून चव मी बघत जाईन, तुमच्या जिभेचं आता काही खरं नाही. ते नुसते बरं म्हणाले आणि दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले. मला वाटलं, सुटले. धंद्याच्या दृष्टीने मी बरोबरच होते, असं मी स्वतःला रोज सांगत होते.

दिवाळीत धाकटे दीर अमेरिकेहून आले आणि नणंदबाई बेल्जियमहून. दोघांच्याही बॅगा चॉकलेटने भरलेल्या. जेवणं झाल्यावर कोणाचं चॉकलेट चांगलं यावरून बहीणभावात जुंपली. दीर म्हणाले, आमचं अख्खी अमेरिका खाते. नणंदबाई म्हणाल्या, खात असेल, साखर कोणीही खातं. शेवटी गमतीगमतीत निवाडा आबांवर सोपवला. मला ते आवडलं नाही. आजारी माणसाची परीक्षा घेतल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगायचं तर निकाल काय लागणार हे मला आधीच ठाऊक होतं.

आबांनी अमेरिकेचा तुकडा आधी हुंगला. मग बोटांत चोळला, अगदी खव्यासारखा, आणि टाळूला लावून डोळे मिटले. जरा वेळाने तांब्या मागवला, चूळ भरली आणि म्हणाले, "येनामानं दूध उतरेल शे."

दीर हसले. तारीख दाखवली, वेष्टन कसं हवाबंद आहे ते दाखवलं. मी नणंदबाईंकडे बघून डोळ्यांनीच खूण केली, की बघा, यांची जीभ गेली ती गेलीच. आबांनी कोणाकडेच लक्ष दिलं नाही. बेल्जियमचा तुकडा मात्र त्यांनी पुरता विरघळू दिला. याचं दूध ताजं आहे, म्हणाले. घोटाई भरपूर झाली आहे, कुठे कण लागत नाही. साखर मागून येते, आधी भाजल्याची चव येते. दुसऱ्यात साखर पुढे पळते आणि मागे आंबूस कड राहते. एवढं बोलून ते झोपायला गेले.

मी भांडी आवरताना नणंदबाईंना म्हटलं, बेल्जियमचं चांगलं म्हणाले ते लेकीच्या मायेने. दीर तर फारच खट्टू झाले होते.

सकाळी मी भट्टीवर होते तर दीर मोबाइल हातात घेऊन आले. रात्री आबांना खोटं ठरवायला शोधायला बसले आणि भलतंच सापडलं, म्हणाले. तिकडच्या काही चॉकलेटांत दुधातला स्निग्ध भाग मुद्दाम थोडा फुटू देतात म्हणे, त्यातून आंबूसपणा येतो. शिळ्या लोण्यात असतो तोच. त्यात कोको कमी आणि साखर जास्त. युरोपात कोको जास्त घालतात आणि बराच वेळ घोटतात. अमेरिकेतली माणसं लहानपणापासून तीच चव खातात, त्यामुळे ती आंबूस कड नसेल तर त्यांना चॉकलेट खाल्ल्यासारखंच वाटत नाही. हे सगळं दिरांनी भट्टीसमोर उभं राहून मोठ्याने वाचलं आणि आबांच्या पाया पडले. मला त्या क्षणी ते फार आवडले. चूक इतक्या लवकर कबूल करणं मला कधी जमलेलं नाही.

आबा शांतपणे म्हणाले, त्यांना आवडतं ना, मग त्यांच्यासाठी ते चांगलंच.

माझा ऊर भरून आला होता. सातासमुद्रापलीकडच्या कारखान्यातलं दूध ज्यांनी एका तुकड्यात ओळखलं, ते माझे सासरे आहेत, आणि त्यांच्या हाताखाली मी शिकले आहे, असं त्या भट्टीवरच्या प्रत्येकाला ओरडून सांगावंसं वाटत होतं. आणि त्याच माणसाला मी चार महिने दाराजवळ बसवलं होतं. मी कढईतून चिमूट घेतली, सगळ्यांसमोर त्यांच्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, की या चार महिन्यांत तुमच्याशिवाय माल गेला, त्यात कधी वाईट गेला का?

आबा तो खवा अंगठ्याने चोळायला लागले. बोलला तो भट्टीवरचा जुना कामगार. आबांची चव महिन्याभरातच परत आली होती, म्हणाला. तेव्हापासून मी चव बघून पाठ फिरवली की आबा रोज येऊन एक चिमूट घेत. दोनदा त्यांनी कढई बाजूला काढायला लावली होती. त्या दोन्ही दिवशी मला सांगितलं गेलं होतं, की खव्यात मांजरीने तोंड घातलं, आणि मी त्या मांजरीच्या नावाने दिवसभर बोटं मोडली होती.

मला कुठे तोंड लपवू असं झालं. मी आबांना विचारलं, मला का नाही सांगितलं?

आबांनी खवा टाळूला लावला, डोळे मिटले, मान हलवली. मग म्हणाले, "चार लोकस्ना पुढे सांगं असतं, ते तुन्हावरना भरोसा उडी जाता. चार महिनामा दोनच येळा चुकनी तू. मी शिकत व्हतू तवय यानापेक्षा जास्ती चुकेल शे."