टाकीतला बांध

मी आयुष्यात एकदाच मासे निवडायला गेलो आणि घरी भाऊबंदकी घेऊन आलो.

टाकी आमच्या तनूची. नोकरी लागल्यापासून तिच्या डोक्यात खाऱ्या पाण्याचे मासे पोहत होते. आम्ही राहतो तळेगावात, समुद्र घाटाच्या पार खाली. पण मुलीने तो दिवाणखान्यात आणायचा ठरवला! टीव्हीशेजारी छोटी काचेची टाकी आली, आत दगड आले, पिशवीतून खास मीठ आलं. आम्हाला ते मोजूनमापून कालवताना बघून माझी बायको मंगल म्हणाली, "माझ्या आमटीत चिमूटभर जास्त पडलं तर घर डोक्यावर घेता. आता बादलीच्या बादली खारट करताय, ते चालतं!"

तनूला शनिवारीही ड्यूटी, म्हणून मासे आणायला मला धाडलं.

"बाबा, नीट ऐका. टाकी लहान आहे. एक क्लाउनफिश, तो नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा. एक गोबी, तो गरीब असतो, तळाशी बसून राहतो. आणि एक निळा डॅमसेल. एकच हं! एका जातीचे दोन आणले तर जागेवरून भांडतात."

"कळलं गं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

इथे आमच्या दादाबद्दल सांगायला हवं. दादा माझा थोरला भाऊ. तो भाजे गावात शेती बघतो, मी तळेगावात कचेरी बघतो. वडिलांच्या मागे भाताची खाचरं वाटून घेतली तेव्हा आम्ही एका ताटात जेवलो, आणि मग मधला बांध फूटभर सरकला. दादा म्हणतो मी सरकवला. मी म्हणतो दादाने सरकवला. (बांध काहीच म्हणत नाही.) तेव्हापासून आमचं बोलणं बंद. वडगावच्या कोर्टात तारीख असली की दोघंही एकाच हातगाडीवर एकमेकांकडे पाठ करून वडापाव खातो. आणि आता तनूचा साखरपुडा तोंडावर आलेला! आमच्यात सुपारी फोडायला थोरला काकाच लागतो. तनूने स्वच्छ सांगितलं होतं, "काका नसेल तर मला साखरपुडाच नको." मी रोज फोन हातात घ्यायचो आणि रोज खाली ठेवायचो.

असो. मासे.

चिंचवडच्या दुकानात नारिंगी घेतला, गोबी घेतला, निळाही घेतला. पिशवीत तो निळा एकटाच गरागरा फिरताना बघितला आणि मला राहवेना. मी म्हटलं, "अजून एक द्या असाच. सोबत होईल त्याला."

दुकानदार म्हणाला, "साहेब, छोट्या टाकीत एका जातीचे दोन जमत नाहीत."

"अहो, सख्खे भाऊ असतील!"

"म्हणूनच," तो म्हणाला.

मी ऐकलं नाही. रक्ताची माणसं भांडतात हे मला, म्हणजे मला, पटेना!

घरी आल्यावर दोन्ही निळ्यांनी आधी टाकी नीट बघून घेतली. मग मोठ्याने डावीकडचा दगड धरला, धाकट्याने उजवीकडचा. मध्ये कुणालाही न दिसणारी एक रेघ पडली, आणि त्या रेघेवर जे रणकंदन सुरू झालं, की काही विचारू नका! धाकटा शेपूट रेघेपलीकडे घालायचा, मोठा धावून यायचा. नारिंगी आणि गोबी कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसले, अगदी गावच्या तंटामुक्ती समितीसारखे.

मी टेप आणली. टाकी मोजली. दोन्ही दगड अगदी समसमान अंतरावर ठेवले. दोघांनी ती मोजणी साफ नामंजूर केली आणि धाकट्याच्या शेपटीचा तुकडा गेला!

मग तनूने काकाला फोन केला. "काका, बाबांनी माशांच्यात पण बांध काढलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा दारात हजर! माझ्याकडे न बघता आत आला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि टाकीसमोर बसला.

"मंगल, चा टाक. आन त्याला इचार, ह्ये कुटनं आनलं?"

"चिंचवडहून," मी मंगलला सांगितलं. मंगल दोघांच्या मध्ये उभी राहून नुसती मान फिरवत होती.

दादाने बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "मंगल, ह्यो बारका लय लबाड हाय. मोठा बिचारा गप चाललाय. ह्योच जाऊन खोडी काढतो."

"काहीही! मोठाच दादागिरी करतोय!" मी ओरडलो.

"डोळं फुटलं व्हय तुजं? बारकाच पलीकडं घुसतोय!"

"त्याची शेपूट बघ कुरतडलेली!"

"दुसऱ्याच्या हद्दीत घातल्यावर काय हार घालतील?"

मंगल चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी. तिच्या लक्षात माझ्याआधी आलं, की आम्ही एकमेकांशी बोलत होतो! भांडत होतो, पण थेट, मध्ये कुणी नसताना. मला इतकं बरं वाटलं की मी मुद्दाम आवाज आणखी चढवला.

"थांब, त्या मोठ्यालाच बाहेर काढतो!" म्हणून मी जाळी घातली. मोठा हुकला. धाकटा जाळीवर आपटला, उसळला आणि थेट टाकीबाहेर! फरशीवरून घसरत सोफ्याखाली!

"आरं आरं आरं!" दादा पालथा पडला. मीही पडलो. दोन म्हातारी डोकी सोफ्याखाली एकमेकांवर आपटली. "तुझ्याकडं आला, धर! आरं, हळू, मरंल त्यो!" शेवटी दादाने आपल्या टोपीत त्याला अलगद उचललं, टोपीसकट टाकीत बुडवलं आणि श्वास रोखून बघत राहिला. मासा क्षणभर आडवा तरंगला, मग सुळकन आपल्या दगडाआड गेला. दादाच्या डोळ्यांत पाणी होतं. "वाचला गं बारका," तो मंगलला म्हणाला, आणि मला त्या क्षणी दादाच्या गळ्यात पडावंसं वाटलं. मी त्याला टॉवेल दिला.

संध्याकाळी तनूने बारीक भोकांची पारदर्शक फळी आणली. टेपचं एक टोक दादाने धरलं, दुसरं मी. बरोबर मध्यावर खूण केली.

"इंचभर तिकडं सरकीव," दादा म्हणाला, "बारक्याला जागा हुईल."

"नको रे, बरोबर मध्ये आहे."

"सरकीव म्हन्तो ना! मोठ्याचं काय जातंय?"

मी फळी सरकवली. पुढच्या तारखेला आम्ही दोघं वडगावला एकाच मोटरसायकलवरून गेलो आणि दावा मागे घेतला. वकील मात्र फार हळहळले.

साखरपुड्याला दादा सगळ्यांच्या आधी आला, सुपारी फोडली, नव्या टोपीत मिरवला आणि मग मुलाकडच्या मंडळींना टाकीपाशी घेऊन बसला. तनूच्या होणाऱ्या सासूबाईंनी फळीपलीकडे बघत कौतुकाने विचारलं, "बाकीचे इकडे, मग हा छोटा निळा एकटाच का हो वेगळा ठेवलाय?"

मी सरबताचा ट्रे घेऊन शेजारीच उभा होतो. दादाने माशाकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं.

"त्यो शिकलेला हाय," दादा म्हणाला. "कुनाशी पटत न्हाई त्याचं."