दाजींची दोन माणसांची गाडी

ती गाडी पहिल्यांदा साताऱ्याला आमच्या दारात येऊन थांबली तेव्हा सगळी आळी जमली होती, आणि म्हणूनच मी जरा ऐटीत पुढे झालो. दार उघडलं, खुर्चीत बसावं तसा पाठमोरा झालो, बसलो आणि सीट यायची वाट बघत राहिलो. ती येईना. मी खाली जातोय, जातोय, अजून जातोच आहे. एकदाची सीट आली तेव्हा माझे दोन्ही पाय दाराबाहेर आभाळाकडे होते, एक चप्पल गटारापलीकडे होती, आणि इंग्रजीचा मास्तर म्हणून आळीत जी काही पत होती ती त्याच्याही पलीकडे.

स्टिअरिंगमागून शांत आवाज आला, "मेव्हणं, हिच्यात बसायचं नसतं. हिला अंगात घालायची असती. बुशकोटागत."

हे आमचे माधवनगरचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान. यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान, दुकानामागे लेथ आणि लेथमागे दाजी. कुठलंही यंत्र दिसलं की वैद्यानं नाडी धरावी तसा ते त्यावर हात ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, "ह्यात थोडी सुधारणा पायजे." त्यांचं एक तत्त्व होतं. "कंपनीनं केलंय ते कंपनीच्या गावापुरतं. आपल्या गावाचं आपणच बघाय पायजे." ह्या तत्त्वानुसार त्यांनी आमचा मिक्सर एकदा सुधारला होता. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघराच्या छताला शेंगदाण्याच्या चटणीचा नकाशा आहे.

गाडी त्यांना मिरजेत सापडली. एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या बंगल्यामागे शेडमध्ये ती वर्षानुवर्षं उभी होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. इंग्लंडात जन्मलेली, हिरवी, बिनटपाची, शर्यतीच्या घराण्यातली. नव्वद साल उलटून गेलं होतं, लोक नव्या चकचकीत मोटारींसाठी नंबर लावून बसले होते, आणि दाजींनी जवळजवळ माझ्या वयाची गाडी टेंपोत घालून घरी आणली. शेजाऱ्यांना वाटलं, भंगार आलं. दाजींनी तिचं नाव 'मडम' ठेवलं आणि हळदकुंकू लावून घरात घेतलं. कोंबड्यांचा वास मात्र बरेच दिवस माहेरच्या आठवणीसारखा तिच्याबरोबर राहिला.

मग सुधारणा सुरू झाल्या. मडम सांगलीच्या उन्हात तापायची, म्हणून तिला जीपचा रेडिएटर बसवला. तो मोठा, त्यामुळे बॉनेट मिटेना. मग बॉनेटला खिडकी पाडली. गतिरोधकावर पोट घासायचं, म्हणून स्प्रिंगांत जादा पाती घालून तिला वर उचलली. त्यानंतर मडम चिखलातून साडी सावरत चाललेल्या बाईसारखी दिसायला लागली. ट्रकवाल्यांना ती दिसतच नसे, म्हणून हॉर्न ट्रकचा, आणि मागे उसाच्या ट्रॉलीला असतं तसं काठीवर लाल फडकं. एकदा मलकापूरजवळ पाणी घालायला थांबलो होतो. एका ट्रक ड्रायव्हरनं कमरेत वाकून तिच्याकडं बघितलं आणि खऱ्या काळजीनं विचारलं, "पाव्हणं, बाकीची गाडी कुठं पडली?"

दाजी रागावले नाहीत. "मागनं येतीया," म्हणाले.

तिचा लाकडी डॅशबोर्ड कोंबड्यांनी आणि वाळवीनं मिळून संपवला होता. तो दाजींनी मिरजेच्या हुसेनभाईंकडून करून घेतला. हुसेनभाई सतारी करणारे. मोटारीचं काम म्हटल्यावर ते आधी पोटभर हसले, मग फळीवर बोटानं टकटक करून म्हणाले, "दाजी, चालली न्हाई तरी वाजंल झकास." फळीच्या कडेनं त्यांनी सतारीला असते तशी पांढरी वेल काढली. दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण ती वेल अजून पिवळी पडलेली नाही.

सगळं सुधारलं, पण एका ठिकाणी दाजींचा लेथ अडला. गाडी दोन माणसांची होती आणि घर भरलेलं. आपल्याकडे दोघांनीच कुठं जायची पद्धत नाही. दोघं निघाली की तिसरा चप्पल घालतो, चौथा "कुठं चाललाय?" म्हणून विचारतो आणि पाचवीचं नेमकं तिकडंच काम निघतं. एक सीट दाजींची. दुसरीवर पहिला मान आत्याबाईंचा. ह्या दाजींच्या आत्या. आई लवकर गेल्यावर दाजींना त्यांनीच वाढवलं होतं आणि घरातला शेवटचा शब्द त्यांचा असे. दर संकष्टीला त्या डोक्यावरून पदर घट्ट बांधून मडममधून सांगलीच्या गणपतीला जात आणि रस्त्यातल्या प्रत्येक सायकलवाल्याला हात करून बाजूला घेत. आत्याबाई नसतील तेव्हा व्याही, विहिणी, गिऱ्हाइकं, खुद्द ते मिरजेचे डॉक्टर. आणि साताऱ्याहून गेलो की मी. रुसवेफुगवे फारच वाढले तेव्हा दाजींनी मागची डिकी कापून तिथं एक बाक बसवला. मग त्या बाकावर कोण बसणार ह्यावरून रुसवे सुरू झाले.

ह्या सगळ्यात ताई कधीच बसली नाही. गाडी निघताना ती दारात उभी असे, हातात पाण्याचा तांब्या नाहीतर कुणाची तरी विसरलेली पिशवी. कुणी म्हणालंच, "सुमनताई, तू ये की," तर तिचं उत्तर ठरलेलं. "आधी पाहुण्यांना बसू द्या. माझं काय, मी घरचीच आहे." आणि 'घरची' म्हटलं की आपल्याकडे विषय संपतो. भाकरी कमी पडली तरी, गादी कमी पडली तरी आणि सीट कमी पडली तरी.

एका दुपारी मात्र मी बघितलं. घर जेवून झोपलं होतं. मडम अंगणात कडुलिंबाखाली उभी होती आणि ताई तिची सीट पुसत होती. फडक्यानं पुसून झाल्यावर तिनं ती पदरानं पुन्हा पुसली. मग इकडंतिकडं बघितलं आणि दाराच्या मुठीवर हात ठेवला. नेमका तेवढ्यात मी खाकरलो. "धूळ लय बसती बघ हिच्यावर," असं म्हणून ती आत निघून गेली.

सुट्या भागांसाठी दाजी इंग्लंडातल्या ह्या गाडीच्या शौकिनांच्या मंडळाला पत्रं पाठवत. इंग्रजी माझं असे, शंका त्यांच्या. टॉम नावाचे एक म्हातारे साहेब नेमानं उत्तर देत. एके वर्षी त्यांनी बोलावणंच धाडलं: जिथं ह्या गाड्या जन्मल्या त्या गावात मेळावा आहे, या, आमच्याच घरी उतरा. दुकान त्या वर्षी बरं चाललं होतं. दाजी हरखले. मी त्यांच्याहून हरखलो, कारण दुभाषा लागणारच आणि तो मीच, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. भर एप्रिलात साताऱ्याच्या बाजारात लोकरीची कानटोपी शोधणारा तो मीच होतो. ती घालून आरशासमोर उभा होतो तेव्हा बायकोनं फक्त विचारलं, "तुम्हाला बोलावलंय का?"

बोलावणं दाजींना आणि ताईला होतं. जोडीनं.

त्या दिवशी मी माधवनगरलाच होतो. जेवणं चालली होती. आत्याबाई म्हणाल्या, "हिला कशाला न्यायची? ती हितं गाडीत बसत न्हाई, तितं जाऊन काय करनार? मास्तरला न्ये की."

माझा घास आशेनं थांबला. दाजींचाही थांबला, पण ते माझ्याकडं बघत नव्हते. ते ताईकडं बघत होते. इतकी वर्षं ती गाडी खिळ्याखिळ्यानं खोलली, जोडली, आणि एक भाग नजरेतून सुटलाच, असा त्यांचा चेहरा झाला.

"बसत न्हाईस व्हय?" त्यांनी हळूच विचारलं.

"आमटी वाढू?" ताई म्हणाली.

महिनाभरात दोघं विमानात बसली. माझी कानटोपीही गेली, दाजींच्या डोक्यावर.

पुढचं मला ताईनंच सांगितलं, आल्यावर, शेंगा निवडत. "कारखाना कुठाय म्हणून बघायला गेलो बाळ्या, तर तिथं घरं झालीत. नुसतं फाटक उभं आहे. हे फाटकाजवळ गेले. मग म्हणाले, माहेर ते माहेर. फाटकाला हळदकुंकू लावलं आणि पिशवीतला नारळ काढून फोडला. गोऱ्यांनी सगळा खाल्ला, करवंटीसकट मागत होते."

मेळाव्यात दाजींनी मडमचे फोटो दाखवले. जीपचा रेडिएटर आणि उचललेली बॉडी बघून मंडळी दवाखान्यात पेशंटला भेटायला गेल्यासारखी गंभीर झाली. हुसेनभाईंची वेल बघितल्यावर मात्र तो फोटो हातोहात फिरला आणि परत मिळायला संध्याकाळ झाली. मागचा बाक बघून टॉमसाहेबांनी विचारलं, हे काय? दाजींना एवढंच इंग्रजी पुरलं: "फॅमिली."

दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्यांची मिरवणूक होती. टॉमसाहेबांनी आपली गाडी, अगदी मडमच्याच रंगाची, दाजींच्या हवाली केली. दाजी धावत पलीकडं गेले, दार उघडलं आणि सवयीनं टॉमसाहेबांच्या बायकोला म्हणाले, "मॅडम, प्लीज!" मागं ताई उभी होती, हातात सगळ्यांचे कोट. तीही सवयीनं म्हणाली, "बसू द्या की टॉमकाकूंना. मी घरचीच आहे."

काकूंनी विचारलं, काय म्हणते ही? दाजींनी तर्जुमा केला, "शी से, गेस्ट फर्स्ट. शी होम."

काकूंनी क्षणभर विचार केला आणि हसायला लागल्या. त्या म्हणाल्या, पण हे गाव माझं, गाडी माझी. मग घरची मी झाले, आणि पाहुणी ही. असं म्हणून त्यांनी ताईच्या हातातले कोट काढून घेतले, तिला दंडाला धरून आत बसवलं आणि दार लावून टाकलं.

"मग काय करणार रे," ताई म्हणाली. "आपलाच नियम. मोडता येईना."

"कसं वाटलं?"

ताईनं शेंगांचं सूप खाली ठेवलं. "आधी हे आत्याबाई शेजारी असल्यागत चालवत होते. मी म्हटलं, आवं, ह्याच्यापेक्षा जोरात जात न्हाई व्हय ही? मग जे सुटले! मिरवणूक कधीच मागं राहिली. पुढं रस्ता चुकलो, डोंगरच डोंगर आणि मेंढरं. हे म्हणाले, आता परत कसं जायचं? मी म्हटलं, घाई काय आहे?"

मेळाव्याचा चहा संपून कपबश्या धुऊन झाल्यावर ही दोघं उगवली म्हणे.

परत आल्यावर दाजींनी पहिलं काम केलं ते मडमचा बाक कापून काढायचं. पण खरी परीक्षा संकष्टीला होती. आम्ही उभयता त्या दिवशी तिथंच होतो. आत्याबाई दूर्वांची जुडी घेऊन, पदर बांधून, दारात तयार.

दाजी फडक्यानं डॅशबोर्ड पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "आत्या, तुमाला रिक्षा सांगितलीया. टपाची. ऊन लागाय नको."

"मी रिक्षानं? आन् मडममधनं कोन?"

पलीकडच्या गल्लीतले माग ऐकू यायला लागले. दाजी त्या वेलीचं एकच पान पुसत राहिले. तापून लाल झालेलं लोखंड चिमट्यात धरणारा माणूस, पण कानाच्या पाळ्या त्याहून लाल झाल्या होत्या. आत्याबाईंना नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती.

"सुमन," त्यांनी हाक मारली.

त्या घरात तोपर्यंत कुणी त्यांच्या तोंडून 'अगं'च्या पुढचं काही ऐकलं नव्हतं. ताई आतून आली. आम्ही सगळे तिच्या त्या ठरलेल्या उत्तराची वाट बघत होतो. तिनं आत्याबाईंकडं बघितलं, वाकून त्यांच्या पाया पडली, हातातली पिशवी माझ्याकडं दिली आणि सरळ जाऊन बसली.

"चला लवकर," ती दाजींना म्हणाली, "न्हाईतर अजून कुणाचं तरी तिकडं काम निघंल."

ट्रकचा हॉर्न वाजला आणि मडम फाटकाबाहेर पडली. रिक्षात आत्याबाई, बायको, दोन विहिणी आणि ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर मी. आत्याबाई पुढं वाकून रस्त्याकडं बघत होत्या. धुरळ्यात ते लाल फडकं दिसेनासं झालं तेव्हा म्हणाल्या, "शेजारी बायकू बसवाय ह्याला इंग्लंडला जावं लागलं व्हय? मला इचारलं असतं तर मीच सरकली असती की." थोड्या वेळानं दूर्वा ह्या हातातून त्या हातात घेत पुन्हा म्हणाल्या, "सरकली असती का न्हाई, देव जाणं." आणि स्वतःच हसल्या.

संध्याकाळच्या एसटीनं आम्ही साताऱ्याला निघालो. खिडकीतून रुमाल टाकून मी दोन जागा धरल्या होत्या. बायको खिडकीशी, मी तिच्याशेजारी. आष्ट्याला गाडीत गर्दी झाली आणि आमच्याच आळीतले एक ओळखीचे गृहस्थ चढले. मला बघून हसले, दांडा धरून उभे राहिले. "या, या, बसा," म्हणायला माझं तोंड उघडलं होतं आणि मी अर्धा उठलोही होतो.

बायको खिडकीबाहेरच बघत होती. मान न वळवता म्हणाली, "उठलात तर साताऱ्यापर्यंत उभेच राहा."