जठराच्या धमन्या शिकवणारी मावशी

सुमनमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी लासलगावच्या आमच्या शाळेत नववीच्या वर्गावर होते. शिपायानं ऑफिसात बोलावलं. पलीकडून काका, म्हणजे मावशीचे यजमान, एवढंच म्हणाले, "झोपेतच गेली गं..." त्याला आता दीड महिना होईल.

मावशी नाशिकला एका आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचना शिकवायची. नव्वदच्या सुमारास मी बारावीसाठी तिच्याकडे राहायला आले, तेव्हा एकदा तिच्या तासाला मागच्या बाकावर बसले होते. तिनं फळ्यावर जठर काढलं आणि लाल खडूनं त्याच्या दोन्ही कडांच्या धमन्या. जठराला रक्त एकाच वाटेनं येत नाही, वरून येतं, खालून येतं, आणि या धमन्या कडेनं एकमेकींना जाऊन मिळतात, असं ती सांगत होती. आवाज अगदी कोरडा. शिकवताना ती कधी हसायची नाही.

पुढच्याच वर्षी काकांना रक्ताची उलटी झाली. गुडघ्यांसाठी ते कित्येक महिने दुखण्याच्या गोळ्या घेत होते, मावशीला न सांगता. दवाखान्यात रक्ताच्या बाटल्या चढत होत्या, तरी चेहरा पांढराफटक पडत चालला होता. सर्जन म्हणाले, गोळ्यांनी जठरात व्रण झालाय, तो धमनीपर्यंत पोचलाय, पोट उघडून ती बांधावी लागेल. काकांच्या आई हादरल्या. रक्तच अडवलं तर पोट जगेल कसं, हे त्या पुन्हापुन्हा विचारत राहिल्या. मावशी त्यांच्याशेजारी बसली आणि वर्गातलंच त्यांना साध्या शब्दांत समजावलं... एक बांधली तरी बाकीच्या रक्त पोचवतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग सर्जनना अजून 'हो' का म्हणत नाहीस, सुमन?"

"इतकी वर्षं मी मेलेल्या माणसांची पोटं दाखवत आले, आई. हे यांचं आहे."

मग ती उठली आणि सर्जनना 'करा' म्हणाली. काका वाचले. शुद्धीवर येऊन त्यांनी चहा मागितला, तेव्हा मावशी व्हरांड्यात जाऊन रडली. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पुढं तिचे विद्यार्थी सांगायचे, मॅडम त्या धमनीपाशी आल्या की खडू तसाच धरून जरा थांबतात...

गेल्या रविवारी काकांकडे गेले होते. ऑपरेशनपासून मावशी त्यांना दिवसातून पाचसहा वेळा थोडंथोडं वाढायची. चार वाजता वाटीभर मऊ भात, आणि त्यांना घाईनं जेवायची सवय, म्हणून संपेपर्यंत ती समोर बसून राहायची. चार वाजले तसे काका उठले, भात वाटीत घेऊन टेबलाशी बसले. मी समोरची खुर्ची ओढायला गेले, तर म्हणाले, "तू इकडे बस, बाजूला." मग त्या खुर्चीकडे बघत त्यांनी एकेक घास सावकाश चावून खाल्ला.