सात गाऱ्हाणी

ती सीडी पोस्टाने आली, फुकट. पाकिटात एकाऐवजी तीन सीड्या होत्या आणि सोबत चिठ्ठी, उरलेल्या मित्रांना द्या. माझे वडील पत्रकं छापून आणायचे, त्यांच्या तळाशीही हेच असायचं, 'वाचून पुढच्याला द्या'. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. त्यामुळे सगळ्यांनी मिळून बनवलेली, कुणाच्याच मालकीची नसलेली, त्या सीडीतली लिनक्स नावाची संगणकप्रणाली काय आहे, हे मला दोनदा सांगावं लागलं नाही.

साल दोन हजार सात. तोंडवलीत आमच्या शेजारी काका राहायचा. तो रापणकरांच्या संघाचा चिटणीस. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून माणसांनी दोन्ही टोकांनी ओढायचं लांबलचक जाळं. त्या वर्षी बाहेरच्या बंदरांतल्या मोठ्या बोटी रापणीच्या पाण्यात शिरत होत्या आणि जाळी फाडून जात होत्या. भर दुपारी त्या इतक्या जवळ उभ्या असायच्या की खलाशांनी वाळत टाकलेल्या लुंग्यांचे रंग ओळखू यायचे. कुणी ओरडलं तरी त्या हलत नसत. यावर ओरोसला, जिल्ह्याच्या कार्यालयात, सोमवारी सुनावणी होती.

संघाचा लॅपटॉप मुंबईच्या एका नातेवाइकाने वापरून दिलेला होता. त्यात चोरीचं विंडोज होतं. पडद्याच्या कोपऱ्यात सतत सूचना यायची की ही प्रत अस्सल नाही.

"काका, ह्यां चोरयेचां आसा," मी म्हणाले. "दुसऱ्यांच्या चोरीवर अर्ज लिवतास आणि तो चोरीच्या मशीनवर?"

काका हसला. "तुजो बापूस पत्रकां वाटायचो, आता तू सीड्यो वाट. चलता मां तां? मगे झालां तर."

मी ऐकते थोडीच. विंडोज काढून लिनक्स घालू म्हणून दोन दिवस त्याच्या मागे लागले. शेवटी शुक्रवारी मालवणला जाताना तो म्हणाला, "कर काय करतंस तां. संघाचे कागद तेवढे सांबाळ."

कागद मी सांभाळले. प्रत्येक पत्र, प्रत्येक अर्ज पेन ड्राइव्हवर घेतला. मग एक फोल्डर उरला, GARHANE नावाचा. आत आवाजाच्या सात फायली, चांगल्याच मोठ्या. पेन ड्राइव्हवर तेवढी जागा नव्हती. गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे देवळात देवाला घालतात ते. एक जण देवाला हाक मारून मागणं मांडतो, बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. काका ते सुरेख घालायचा. जत्रेतलं कुणीतरी मोबाइलवर भरून दिलं असणार, असं मला वाटलं. खात्री करायला पहिली फाइल लावली. एक म्हातारा, घोगरा आवाज आला, "बा देवा म्हाराजा..."

मी बंद केली. देवापुढे हात जोडून बोटी जात नाहीत, हे वडिलांच्या पत्रकांत मी शंभर वेळा वाचलं होतं.

सीडी घातली. संपूर्ण डिस्क पुसायची का, असं मशीनने विचारलं. मी हो म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा हो. पट्टी सरकू लागली. तीन वाजता वीज गेली, पण बॅटरी तग धरून होती. तेवढ्यात खळ्याबाहेर, अंगणाच्या कडेला, मोटरसायकल थांबली. गावातला नसलेला एक माणूस गाडीवरून न उतरताच म्हणाला, "काका आसत?"

"नाय."

"सोमवारचे कागद-बिगद जमले काय तेंचे?"

"जमले," मी ताठ मानेने सांगितलं.

त्याने माझ्या मांडीवरच्या पडद्याकडे पाहिलं. "बरां आसा," म्हणाला आणि निघून गेला. पट्टी शेवटाला पोचली होती.

संध्याकाळी काका आला. नवा तपकिरी पडदा त्याने कौतुकाने पाहिला, पेन ड्राइव्हवरचे कागद एकेक करून पाहिले. मग म्हणाला, "गाऱ्हाणी खंय आसत?"

"देवाची? ती नाय घेतलंय."

"देवाची नाय गो," काका हळूच म्हणाला. "माणसांची."

सात रापणकरांनी बोटींचे रंग, नंबर, वेळा, सगळं सांगितलं होतं. सही करायला कुणी तयार नव्हतं, म्हणून काकाने मोबाइलवर आवाज घेतले. मोबाइलमध्ये जागा पुरेना म्हणून ते लॅपटॉपवर टाकून मोबाइलमधले पुसले. आणि पहिल्या म्हाताऱ्याने सुरुवात केली ती त्याला ठाऊक असलेल्या एकाच रीतीने. गाऱ्हाणं सांगायचं तर आधी देवाला हाक मारायची.

सावंतवाडीच्या दुकानात शनिवारी मशीन नेलं. काही शिल्लक नाही, दुकानदार म्हणाला. रविवारी आम्ही सातही घरं फिरलो. मोटरसायकल आमच्या आधी फिरून गेली होती. सहा जणांचं उत्तर एकच, "माका कायएक ठावक नाय." एका घराचं दार उघडलंच नाही, आतून सांगितलं.

सातवा तो म्हातारा. किनाऱ्यावर फाटलेलं जाळं शिवत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"माजो झील परवापासून त्येंच्याच बोटीर लागलो," तो मुलाबद्दल म्हणाला. "आता मी कसो बोलू?" त्याने एक टाका ओढून घट्ट केला. मग मला म्हणाला, "तू आयकलंस मां माजां? काकान सांगलान, तू लावलं होतंस. मगे तूच सांग चेडवा."

समोरच्या पाण्यात तीन बोटी उभ्या होत्या. काल दोन होत्या.

सोमवारी ओरोसच्या कार्यालयात साहेबांनी संघाचे अर्ज चाळले आणि बाजूला ठेवले. "हे सगळं मोघम आहे. प्रत्यक्ष सांगणारं कुणी आहे का?"

मागच्या बाकावर शुक्रवारचा तो माणूस बसला होता. काकाने माझ्याकडे पाहिलं. बोटीचा रंग मला माहीत होता, गावात सगळ्यांनाच माहीत होता. म्हाताऱ्याच्या तोंडी घालणं अजिबात कठीण नव्हतं.

मी उभी राहिले. "एकाचं सांगणं मी स्वतः ऐकलंय."

"काय ऐकलंत?"

"बा देवा म्हाराजा."

"पुढे?"

"पुढचं मी ऐकलं नाही," मी म्हणाले. "मी बंद केलं."