कैऱ्यांवरचा वखारीचा दगड

लग्न होऊन सहा महिने झाले होते, तेव्हा मी एक ऐतिहासिक वास्तू चोरली. सगळी नाही, पिशवीत मावेल एवढीच. गगनबावड्याचा घाट उतरून नणंदेच्या घरी पहिल्यांदाच गेले होते. कोकणातलं जुनं बंदर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं मी तिथल्या काही लोकांना बरंच बोलणार आहे. खाडीकाठी वलंदेजांची, म्हणजे डच व्यापाऱ्यांची, पडकी वखार आहे. शहाणी माणसं तिथं कमानी बघतात, तट बघतात. मी बघितला एक दगड. काळा, तळाला सपाट, वर अर्धं फूल कोरलेलं. आणि मला वाटलं... काय वाटलं असेल? इतिहास? छे! मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या वर तरंगतात, त्यांच्यावर दाब ठेवायला असा दगड आमच्या अख्ख्या उचगावात कुणाकडे नसेल, हे वाटलं. कॉलेजात इतिहास घेऊन शिकलेल्या बाईची ही अक्कल! पदराखाली दगड आणि चेहऱ्यावर नव्या नवरीची लाज, अशी मी परतीच्या एसटीत चढले.

त्या नणंदबाई, आमच्या शालन वन्सं, गेल्या. सव्वा महिना झाला. त्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलीचा, सुषमाचा फोन आला तेव्हा मी बरणीतून कैरीच काढत होते. "मामी, आई गेली." फोन ठेवला आणि खाऱ्या हातांनी तशीच त्या दगडाकडे बघत बसले...

वन्सं उचगावच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. पोस्टातल्या नवऱ्याबरोबर त्या मऊ बोलणाऱ्या गावात नांदायला गेल्या, पण आवाज इथलाच घेऊन गेल्या. घर वखारीला लागून. सुरुवातीला त्या फक्त भिंतींवर बदाम कोरणाऱ्या जोडप्यांच्या अंगावर धावून जायच्या. "ओ पावणं, लगीन ठरलंय का? ठरलं की आपल्या घरच्या भिंतीवर कोरा!" मग हळूहळू गावातल्या निवृत्त मास्तरांना विचारून, वाचनालयातली पुस्तकं घरी आणून त्यांनी सगळी वखार पाठ केली. येईल त्याला बोटाला धरल्यासारखं फिरवायच्या. हितं मिरी साठवायचे, हितं कापडाचे गठ्ठे, ह्या खिडकीतनं जहाज दिसलं की खाली हमालांची धावपळ... ऐकणाऱ्याला खरंच मिरीचा वास यायचा. फिरवून झालं की खराटा घेऊन कमानीखालचा पाचोळा झाडायच्या. या कामावर त्यांना कुणीही नेमलं नव्हतं.

चोरी उघडकीला आली ती गौरीच्या सणाला. माहेरी आलेल्या वन्सं कैरी घ्यायला बरणीपाशी गेल्या, दगड उचलला आणि उलटसुलट करून बघत राहिल्या.

"वैनी, ह्यो दगड कुठला?"

"नदीतला," मी म्हणाले.

"पंचगंगेत वलंदेज कवा आलते?"

मी चोराच्या उलट्या बोंबा सुरू केल्या. म्हटलं, तिथं एवढी रास पडलीय, एक दगड आणला तर काय तुमची वखार पडली?

"एकेकानं एकेक न्हेऊनच पडली की," वन्सं म्हणाल्या. "वैनी, तुमी चोर हायसा."

तेव्हापासून दर वर्षी मे महिन्यात त्यांचा फोन ठरलेला. "कैऱ्या घातल्या? दगड कवा आणतायसा?" मी म्हणायची, येताना आणते. दर वर्षी जायची आणि दर वर्षी विसरायची. विसरायची कसली, मुद्दाम ठेवून जायची! त्या दगडाशिवाय कैऱ्या टिकत नाहीत, असं माझं शास्त्र. आणि नणंदेपुढं हरायचं नाही, हे त्याहून मोठं शास्त्र. केस पांढरे झाले तरी ते काही सुटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी वखारीचं सुशोभीकरण झालं. हा शब्द लिहितानासुद्धा माझे दात शिवशिवतात. जुन्या फरसबंदीवर सिमेंटचे ठोकळे बसवले. जिथं कधी तोफ नव्हती तिथं फायबरची तोफ ठेवली, तिच्यावर बसून फोटो काढायला. आणि फाटकावर फलक लावला: 'इंग्रजांची वखार'. वन्सं ठेकेदाराच्या माणसाकडे धावल्या. तो काय म्हणाला माहीत आहे? "आजी, इंग्रज म्हटलं की लोकांना कळतं. डच कुणाला ठाऊक?" मग वन्सं रोज फलकाखाली उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या, "ह्ये खोटं हाय." त्यावर फलक बदलायचा की नाही? ठेकेदाराच्या माणसांनी वन्संनाच आत यायला बंदी केली. पर्यटकांना त्रास होतो म्हणे! जिनं इतकी वर्षं पाचोळा झाडला, तिचा त्रास होतो आणि त्या फायबरच्या तोफेचा होत नाही.

आमची शेवटची भेट त्यांच्या परसात झाली. धुण्याच्या दगडावर चढून, कुंपणाच्या दगडी गडग्यावरून मान उंच करून त्या पलीकडच्या पावण्यांना वखार सांगत होत्या. मला बघून उतरल्या. "दगड आणलासा?" म्हटलं, विसरले. "व्हय, ठावं हाय मला," म्हणाल्या आणि परत वर चढल्या.

तेराव्याला मात्र मी दगड घेऊन गेले. फाटकावर वन्संचा फोटो असलेला श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स. 'आपल्या गावच्या इतिहासाच्या जाणकार.' वन्संचा फोटो तिकिटाएवढा, श्रद्धांजली वाहणाऱ्यांची तोंडं परातीएवढी. जिला आत येऊ दिलं नाही तिला फाटकावर टांगून ठेवलेलं! मी आत निघाले तर रखवालदारानं पिशवी बघितली.

"आजी, बाहेरची वस्तू आत ठेवता येत नाही."

"बाहेरची? आरं, हितलाच दगड हाय ह्यो! मीच चोरलाय!"

"मग तसा अर्ज द्या. दगड इथलाच असल्याचा पुरावा जोडा."

पुरावा! नेताना मला कुणी हटकलं नाही. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत नेला. आता शरमेनं परत आणला तर अर्ज, पुरावा, सही. या देशात चोरी करायला काही लागत नाही, परत करायला मात्र परवानगी लागते. मी तिथं काय काय बोलले ते छापता येणार नाही. एवढंच सांगते की वन्संचा आवाज त्या फाटकावर पुन्हा एकदा घुमला, असं नंतर शेजारणी म्हणाल्या.

तणतणत सुषमाच्या पडवीत आले, पिशवी आदळली. एक काम होतं आयुष्यात, वन्सं जिवंत असताना केलं नाही आणि गेल्यावर करू देत नाहीत, म्हणून रडले. सुषमानं चहा दिला. दगड बाहेर काढून मांडीवर घेतला, मिठानं पांढुरक्या झालेल्या त्या अर्ध्या फुलावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मामी, हा परत घेऊन जा. आई म्हणायची, दगड नुसता मागायचा, घ्यायचा न्हाय. दगड हितं आला तर वैनी कशाला येतील?"