टप उडालेली गाडी आणि तात्यांची कबुली

पोलीस ठाण्याच्या आवारात क्रेनने आणून उभी केलेली ती बिनटपाची गाडी अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. परदेशी बनावटीची, लालभडक, दोनच माणसे बसतील एवढी, आणि इतकी बुटकी की आत डोकावायला आमच्या ठाणे अंमलदाराला गुडघ्यावर बसावे लागले. आमचे ठाणे तुळजापूर तालुक्यातले, सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गालगतचे; मी तिथला प्रभारी अधिकारी. मुद्देमाल म्हणून आमच्याकडे यायच्या त्या वाळूच्या ट्रॉल्या, नाहीतर चोरीच्या मोटारसायकली. ही पाहुणी आली आणि निम्मे गाव फाटकाशी जमा झाले. मी सगळ्यांना हुसकावले खरे, पण त्याआधी मीही गाडीभोवती एक चक्कर मारून घेतली होती.

या हकिकतीत मी कुणाचे नाव घेणार नाही. त्यातली माणसे आजही त्याच रस्त्याने ये-जा करतात.

गाडीचा मालक सोलापूरचा तरुण टॉवेल कारखानदार. तुळजापूरहून दर्शन घेऊन तो परत निघाला होता. त्याची फिर्याद अशी होती: तामलवाडीच्या अलीकडे रस्त्याकडेच्या ज्वारीत राखणीच्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, उभ्या असलेल्या एका इसमाने गोफणीने दगड मारला. दगड बसून टप फुटला आणि उडाला. आपण जोरात ब्रेक दाबला, त्यामुळे मागून स्कूटरवर येणारी महिला पडली. ही महिला जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका. डोक्याला मार, खांदा मोडलेला. बेशुद्ध अवस्थेतच तिला सोलापूरच्या दवाखान्यात हलवले होते.

गाडीवर दगड मारायचा, गाडी थांबली की लुटायची, असे प्रकार आमच्या भागात अधूनमधून होत. त्यामुळे गुन्हा नोंद होतो न होतो तोच वरून फोन आला की आरोपी आजच पाहिजे.

आरोपीला आणायला जीप निघायच्या आधीच तो आपल्या पायांनी चालत आला. साठी ओलांडलेला, धोतर वर खोचलेले, गोफण मनगटाला गुंडाळलेली. दुसऱ्याच्या रानात ज्वारीची राखण करणारा हा माणूस. गाव त्याला तात्या म्हणे, मग आम्हीही तेच म्हणू लागलो.

"सायेब, त्यो दगड म्याच मारला," तो दारातूनच म्हणाला. "मला आत घ्या. पर त्या बाई जगत्याल न्हवं?"

माझी सगळी नोकरी नकार ऐकण्यात गेली. 'मी तिथे नव्हतोच', 'तो मी नाहीच', हे ऐकून कान किटले होते. कबुली काढायची म्हणजे घाम गाळायचा, हे आमचे नेहमीचे. इथे कबुली न बोलावता समोर येऊन उभी राहिली, तर ती मलाच पचेना. मी त्यांना बसायला लावले, पाणी दिले आणि विचारपूस सुरू केली.

"तात्या, दगड गाडीवर मारलात?"

"न्हाय वो. पाखरांवर. माझ्याकडं मातीच्या गोळ्या असत्यात, वाळवून ठिवलेल्या. त्या संपल्या व्हत्या. म्हणून बांधावरचा खडा घेतला. गोफण फिरवली, सोडली आन् तेवढ्यात रस्त्यावर धाडकन् आवाज झाला. बघतो तर गाडीचा टप न्हाय आन् मागं बाई पडलेली."

"दगड गाडीला लागताना दिसला?"

"दिसला न्हाय. पर दुसरं कोण व्हतं तितं? माझाच की."

"खडा कुठल्या बाजूला सोडला होता?"

"तेच तर आता सांगता येईना," ते म्हणाले आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागले.

खोटे बोलणारा माणूस हकिकत फुगवत नेतो, असा माझा अनुभव आहे. तात्या फक्त आपल्यावर घेत होते. मी त्यांच्या बाजूचा प्रश्न टाकला की ते तो खोडून काढत. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण तात्या न्यायाधीशांपुढेही हेच सांगणार होते, आणि कुणी विचारले नसते तरी सांगितले असते. बाईंचे काही बरेवाईट झाले असते, तर या माणसाचे उरलेले आयुष्य तुरुंगात गेले असते. वरचा हुकूम आणि समोर कबुली, त्यामुळे अटक दाखवावी लागली. दुसऱ्या दिवशी त्यांना कोर्टात हजर करायचे होते. फाटकाबाहेर त्यांची बायको पदर तोंडाला लावून बसली होती. तिला घरी जा म्हटले, तर ती म्हणाली, "कुटं जाऊ? घर तर हितं आत हाय माजं."

संध्याकाळी मी गाडीपाशी पुन्हा गेलो. फिर्यादीत होते, 'टप फुटला'. फुटलेल्या वस्तूचे तुकडे पडतात, हे घरातली बरणी फुटली तरी कळते. गाडीत एक तुकडा नव्हता. पंचनाम्यात रस्त्यावर तुकडे मिळाल्याची नोंद नव्हती. सीटवर खडा नव्हता, मातीचा कण नव्हता. टपाच्या जागी फक्त एक चौकट उरली होती, आणि तिच्यावर डिंकासारख्या कसल्यातरी वाळक्या पदार्थाच्या पट्ट्या होत्या. मग बाकीचा टप गेला कुठे? फिर्यादीत फुटला म्हटले म्हणून तो कुणी शोधलाच नव्हता.

आमचे जमादार अणदूरचे. कमी बोलणारे आणि चालायला न कंटाळणारे. सकाळी ठाण्यातली शिपायांची हजेरी झाल्यावर मी त्यांना दोन शिपाई देऊन पाठवले आणि सांगितले, रस्त्याच्या पलीकडची रानेही बघा, काल वारा तिकडे वाहत होता. बऱ्याच वेळाने त्यांचा फोन आला. आवाजात हसू दाबलेले होते.

"साहेब, टप सापडलाय. पण त्यावर सांडगे आहेत."

मी पंच घेऊन गेलो. रस्त्यापासून आत, एका वस्तीवरच्या पत्र्याच्या घरावर तो टप उन्हाला पसरलेला होता आणि त्यावर ओळीने सांडगे घातले होते. घरमालकीण कंबरेवर हात ठेवून उभी होती. तिच्या मते यात चुकीचे काहीच नव्हते.

"काल आभाळातनंच आलं की वो. गिरक्या घेत आलं आन् तुरीत पडलं. सांजपतूर वाट बघितली, कुणी न्यायला येतंय का. कोण आलं न्हाय. लई हलकं हाय, सायेब, आन् काळं असल्यानं तापतंय बी चांगलं. पर माझं सांडगं काढून घिऊ द्या आधी, वाळत आल्यात."

सांडगे काढून घेईपर्यंत पंचनामा थांबला. मग मी तो टप उलटासुलटा करून पाहिला. एका कोपऱ्याला, पडताना घासल्याची किंवा कशाला तरी थडकल्याची खूण होती. बाकी कुठे तडा नाही, पोचा नाही, दगड बसल्याचा डागसुद्धा नाही. खालच्या बाजूला त्याच वाळक्या डिंकाच्या पट्ट्या होत्या, आणि जिथे डिंक होता तिथून पापुद्रा अलगद सुटून आल्यासारखा दिसत होता. आणखी एक गोष्ट दिसली. पुढच्या कडेला पारदर्शक चिकटपट्टी लावलेली होती, दुहेरी, नीट अंगठ्याने दाबून बसवलेली. तिच्याखाली धूळ जाऊन काळी पडली होती. म्हणजे पट्टी आदल्या दिवसाची नव्हती. ही कड उचलते आहे, हे कुणाला तरी आधीपासून ठाऊक होते.

ठाण्यात आणून टप चौकटीवर ठेवला. डिंकाच्या पट्टीवर पट्टी तंतोतंत बसली. मग मी मालकाला बोलावले.

त्याला मी दगडाबद्दल एक शब्द विचारला नाही. टप टेबलावर ठेवला, चिकटपट्टीची बाजू त्याच्याकडे केली, चहा मागवला आणि म्हणालो, "ही गाडी तुम्हाला किती दिवसांपासून छळते आहे?"

त्या पट्टीवरून त्याने बोट फिरवले आणि एकदम फुटलाच.

"साहेब, लहानपणापासून अशी गाडी घ्यायची होती. घेतली आणि महिनाभरात टपातून शिट्टी वाजायला लागली. मग कड उचलायला लागली. शोधलं तर कळलं, बाहेरच्या देशात याच टपाचा डिंक सुटतो म्हणून कंपनीनं गाड्या परत बोलावल्यात. मी पुण्याला गाडी घेऊन गेलो, तर म्हणाले, तुमचा नंबर त्या यादीत नाही. मग म्हणाले, यादीत आहे, पण सामान आलेलं नाही. मग म्हणाले, सामान येईपर्यंत सावकाश चालवा. फोन केला की दर वेळी नवा माणूस, आणि दर वेळी मी पहिल्यापासून सांगायचं. शेवटी मीच पट्टी आणून चिकटवली."

"आणि काल?"

"रस्ता मोकळा मिळाला. पाय दाबला गेला. आवाज झाला आणि डोक्यावर आभाळच. बाई पडलेल्या बघून अँब्युलन्स बोलावली. अँब्युलन्सनंतर कंपनीला फोन लावला, तर त्यांनी पहिलं विचारलं, बाहेरून काही लागलं का? लागलं असेल तर पोलिसांत तक्रार द्या आणि विम्याकडं जा, आमचा संबंध नाही. मी मान वर केली तर समोर गोफण घेतलेला माणूस." त्याने चहाचा कप बाजूला सारला. "साहेब, त्या वेळी मला खरंच वाटलं की त्यानंच मारला. वाटायला बरं वाटत होतं."

हे शेवटचे वाक्य मी विसरलेलो नाही. खोट्या फिर्यादी मी पुष्कळ पाहिल्या, पण ही तशी नव्हती. महिनोन्महिने कुणी ऐकून घेत नाही म्हणून वैतागलेल्या माणसाला सोयीचे उत्तर समोर दिसले आणि त्याने ते उचलले. मला त्याचा राग आला, कारण त्याच्या सोयीपायी एक म्हातारा कोठडीत होता. कीवही आली. त्याचा पुरवणी जबाब घेतला. उचललेली कड ठाऊक असून गाडी वेगात चालवल्याबद्दल त्याच्यावर कारवाई होईल, हे त्याला स्पष्ट सांगितले. त्याने जबाबाखाली सही केली. कुणीतरी एकदाचे पूर्ण ऐकून घेतले, यानेच त्याला हलके वाटत असावे.

तेवढ्यात सोलापूरहून आमच्या शिपायाचा फोन आला. बाई शुद्धीवर आल्या होत्या. डॉक्टरांनी धोका टळल्याचे सांगितले होते. त्यांचे पहिले बोलणे असे की समोरच्या गाडीवरून काळे, मोठे, चटईसारखे काहीतरी उठले आणि सरळ अंगावर आले. हेल्मेटवर त्याच कोपऱ्याची काळी खूण उमटलेली होती. हेल्मेट नसते तर मला ही हकिकत वेगळी लिहावी लागली असती.

मी खुर्चीत टेकून बसलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत फोन ठेवल्यावर देवाचे नाव तोंडात यावे, असे फार थोड्या वेळा झाले.

कोठडीचे दार उघडून मी आधी बाईंचे सांगितले. तात्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मग टपाचे सांगितले. त्यावर त्यांचा विश्वास बसेना.

"सायेब, तुमी मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"चला, स्वतःच बघा."

टेबलाजवळ नेले. तात्या खाली वाकले आणि टपावरून तळहात फिरवू लागले, आधी मधून, मग कडेकडेने, एखाद्या जनावराच्या पाठीवर जखम शोधावी तसे. राखणदाराचा हात, आपला खडा कुठे बसतो आणि कसली खूण सोडतो हे त्याला बरोबर कळणार. सगळा टप चाचपून झाला. कोपऱ्याच्या खुणेपाशी बोट थांबले.

"ती बाईंच्या हेल्मेटची," मी म्हणालो.

ते उभे राहिले. "मंग म्या न्हाय मारलं?"

"नाही तात्या. तुम्ही काहीच केलं नाही."

"म्या न्हाय मारलं," ते पुन्हा म्हणाले, या वेळी स्वतःशीच. मग मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. जमादार खिडकीबाहेर पाहू लागले. मीही कागद चाळायचे निमित्त केले.

पुरावा नसल्याचा अहवाल लिहून, कोर्टात न्यायच्या आधीच त्यांना त्या दुपारी सोडले. बाहेर पडताना व्हरांड्यात मालक खाली मान घालून बसला होता. तो उठून तात्यांच्या पाया पडू लागला, तर तात्यांनी त्याला मधेच धरले. "दादा, तुमाला बी रातभर झोप न्हाय दिसतंय," ते म्हणाले. "त्या बाईस्नी भेटायला जायाचं असंल तर संगं जाऊ. माझ्याच्यानं एकट्यानं जावत न्हाय." दुसऱ्या दिवशी ते दोघे मिळून दवाखान्यात गेले, असे मला नंतर कळले. कसल्या गाडीतून गेले, ते मी विचारले नाही.

टपाचे फोटो, पंचनामा आणि जबाब जोडून आम्ही कंपनीला नोटीस काढली, परिवहन खात्यालाही कळवले. मालकाला जे महिनोन्महिने जमले नव्हते, ते पोलिसांच्या शिक्क्याने लवकर झाले. कंपनीचे उत्तर आले, की खबरदारीचा उपाय म्हणून या गाडीचा आणि तशाच इतर गाड्यांचा टप विनामूल्य बदलून देण्यात येईल. पत्र गुळगुळीत होते. 'आमची चूक झाली' हे तीन शब्द त्यात कुठेच नव्हते.

या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच, की कबुली ही तपासाची सुरुवात असते. ज्याचे मन हळवे आहे तो न केलेलेही अंगावर घेतो, आणि ज्याने केले तो यादी दाखवतो, नंबर दाखवतो, दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवतो. त्यानंतर कुणी माझ्यापुढे फार लवकर कबूल झाला की मी लेखणी बाजूला ठेवायचो.

'हे तू केलेस' असे मी नोकरीत कितीतरी जणांना सांगितले, आणि ते सिद्धही केले. पण 'हे तुम्ही केले नाही' असे एका माणसाला सांगून, त्याला ते पटवून, मोकळ्या मनाने घरी पाठवता आले, ते एकदाच. निवृत्तीनंतर रात्री पाठ टेकली की मला समाधानाची झोप लागते, त्यात त्या एका दुपारचा वाटा मोठा आहे.