मार्क न विचारणारे सर

माझ्या या मित्राइतका जुन्याचा वैरी अख्ख्या लातूर जिल्ह्यात झाला नसेल. आम्ही दोघं एकाच कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. मी वीस वर्षं एकाच पिवळ्या पडलेल्या वहीवर भागवलं. हे गृहस्थ दर मे महिन्यात आपल्या नोट्स बंबात घालायचे, त्याच पाण्यानं आंघोळ करायचे आणि कोऱ्या वहीत पहिल्या धड्यापासून लिहायला बसायचे. यंदा न्यूटनचे नियम बदललेत का, असं मी विचारलं तर म्हणाले, "नियम तेच हायेत सर, शिकवणारा बदललाय." घरात मागच्या वर्षीचं कॅलेंडर नसायचं आणि कालचं भांडणही नसायचं. वहिनी वैतागायच्या, "यांच्याशी भांडावं कसं, भाऊजी? सकाळी विषय काढला की म्हणतात, कालचा माणूस गेला, मी आज आलोय!"

ही खोड बाप्तिस्म्यापासूनची. भूकंपाच्या आधीच्या उन्हाळ्यात एका रविवारी ते ओल्या केसांनी थेट माझ्या दारात आले, हातात पेढ्यांचा पुडा. "सर, ख्रिस्तात नवा माणूस झालो. तोंड गोड करा. अजून कुणाला सांगितलं न्हाई." मी दोन पेढे खाल्ले. हे पेढे लक्षात ठेवा.

मग भूकंप झाला. औशाकडच्या गावातलं त्यांचं घर पडलं, चर्चच्या मदतीत पत्रे मिळाले. लातुरात तेव्हा स्लॅबखाली बसायला मुलं घाबरायची आणि मी तर नवा क्लास काढत होतो. यांनी सगळे पत्रे गाडीत घालून माझ्याकडे आणले. "आईला मी इकडंच आणलंय. गावाकडं पत्रे ठिवून काय करू? मी लिंबाखाली शिकवतो, तुम्ही शेड टाका."

पुढं क्लासेसचा सुकाळ आला. दहावीचे मार्क बघितल्याशिवाय आम्ही कुणी कुणाला दारात उभं करत नसू. हे मात्र कोऱ्या वहीत फक्त नाव लिहायचे. "मार्क न्हाई विचारत मी. हितं समदे नवे." गर्दी लिंबाखाली, आणि माझी शेड अर्धी रिकामी. अशात शिरूर अनंतपाळचे एक पालक मला विचारायला आले, "ते सर पत्र्यासाठी ख्रिस्ती झाले म्हणं. खरं हाय का?"

मी हसून म्हणालो, "आता मी काय सांगू!"

तेवढं पुरलं. महिन्याभरात लिंबाखालची अर्धी मुलं माझ्याकडे आली, त्याच पत्र्यांखाली बसली. मी शिकवताना वर बघत नसे.

माफी मागायला मी तीनदा गेलो. "सर, जरा मागचं बोलायचंय," म्हटलं की उत्तर ठरलेलं: "मागचं असंल तर चपलेपाशी ठिवून आत या. चहा घेणार?" तिन्ही वेळा चहा मिळाला, माफी राहिली.

आता ते नांदेडला मुलीकडे असतात आणि पंच्याहत्तरीत पोहायला शिकतायत. गेल्या महिन्यात गेलो आणि चपला न काढता उंबऱ्यातच सगळं बोलून टाकलं. ते म्हणाले, "ठाऊक होतं. त्याच आठवड्यात कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"लई राग आला होता की! दोन दिवस जेवलो न्हाई. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला. तुमच्या क्लासवरून गेलो, तर पोरं कोरडी बसली होती. म्हटलं, चला, पत्रे कामाला आले."

तर बाप्तिस्मा आधी, भूकंप नंतर. पेढे मी खाल्ले होते. ज्यांनी तेव्हा माझं हसणं ऐकलं, त्यांनी एवढं वाचावं.

निघताना त्यांनी कोरी वही काढली, चष्मा पुसला आणि मला विचारलं, "नाव सांगा."

मी सांगितलं. त्यांनी सावकाश लिहिलं. "उद्यापासून या. येताना काही आणू नका."

लातूरहून नांदेडला रोज जाणं या वयात कुठलं जमायला! पण त्या वहीच्या पहिल्या पानावर माझं नाव आहे, आणि नावापुढची जागा कोरी आहे.